पाकटाच्या काट्यावर बर्फ नको, गरम पाणी हवे

२०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांच्या पायांत पाकट माशांचे काटे घुसले. आता विसर्जन जवळ आले की सावधगिरीच्या सूचना निघतात. त्या हव्यातच. पण काटा लागल्यावर बर्फ लावा, हा सल्ला अजूनही सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. पहिला उपाय गरम पाण्याचा, आणि त्याची सोय किनाऱ्यावरच असायला हवी.

पाकट कुणाच्या अंगावर धावून येत नाही. चपट्या अंगावर वाळू ओढून तो तळाशी पडून असतो; वर दिसतात ते जेमतेम डोळे आणि त्यामागची श्वासाची छिद्रे. गढूळ पाण्यात तेही दिसत नाहीत. पाठीवर पाय पडला की शेपटी उसळते आणि काटा घोट्यात रुततो. काट्याच्या दोन्ही कडांना उलटे दाते असतात, म्हणून बाहेर येताना तो मांस आणखी फाडतो. त्याच्यावरची पातळ त्वचा फाटून विष जखमेत उतरते. हे विष मुख्यतः प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर ओसरतो. सॅन दिएगोतील ११९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला केवळ गरम पाण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी ८८ टक्के रुग्णांना वेदनेसाठी दुसरे औषध लागले नाही. दगडासारख्या दिसणाऱ्या, कितीतरी अधिक विषारी स्टोनफिशच्या दंशावरही प्रथमोपचार हाच आहे.

पाय भाजेल, ही शंका रास्त आहे. म्हणून पाणी ४५ अंशांपेक्षा गरम नको, आणि वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला ते सोसते का, हे दुसऱ्याने हात घालून आधी पाहावे. अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवावा. यामुळे लोक डॉक्टरकडे जाणार नाहीत, असाही आक्षेप येईल. पण गरम पाणी वेदना शमवते. आत राहिलेले काट्याचे तुकडे आणि धनुर्वाताचा धोका त्याने टळत नाही, हे तिथेच सांगता येते. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपसू नये, थेट रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रेलियाचे वन्यजीव-कार्यक्रमांचे निवेदक स्टीव्ह आयर्विन २००६ साली गेले ते छातीत घुसलेल्या काट्यानेच. पाकटांना किनाऱ्यावरून हटवा, ही मागणी मात्र निरर्थक आहे; उथळ वाळू हे त्यांचे घरच आहे.

प्रत्येक विसर्जनस्थळी शेगडी, बादली आणि तापमापक ठेवायला फार पैसे लागत नाहीत. पालिका आणि मंडळांनी यंदाच ती सोय करावी. आणि पाण्यात उतरणाऱ्यांनी पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे. चाहूल लागली की पाकट आपणहून बाजूला होतो.