मौन आणि अबोला

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दुकान वाढवून तो घरी येतो. सूर्यास्तापूर्वीचा डबा दुकानातच झालेला असल्याने जेवणाचा प्रश्न नसतो. ‘अहो, दुपारी दोनदा फोन केला, उचलला का नाही?’ ती विचारते. ‘गिऱ्हाईक होते,’ एवढेच बोलून तो मोबाइलमध्ये डोके घालतो. ती पुन्हा विचारते, जरा चढ्या आवाजात. तो उठून गॅलरीत जातो. दुसऱ्या दिवशी घरात अबोला. सासूबाई मात्र कौतुकाने सांगतात, ‘आमचा मुलगा पहिल्यापासूनच शांत. आठव्या वर्षी वसतिगृहात ठेवला, तर रडलासुद्धा नाही.’

हे चित्र कोणा एकाच घराचे नाही. अशा भांडणाचे कारण फोन नसतोच. ‘तुमच्या लेखी मी आहे ना?’ असे ती विचारीत असते आणि त्याला ‘तुमचे चुकले’ एवढेच ऐकू येते. तो वाद टाळण्यासाठी गप्प बसतो आणि तिला वाटते, आपण त्याला नकोशा झालो आहोत. दोघांचाही हेतू वाईट नाही. तरी प्रत्येकाच्या उपायाने दुसऱ्याचे दुखणे वाढते.

या कोड्याची उकल ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांच्या विचारांत सापडते. मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. संकटात हक्काचा आधार मिळावा, ही त्याची उपजत गरज असते, असे त्यांनी मांडले. या नात्याला ‘अनुबंध’ म्हणता येईल. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुमारे वर्षभराच्या बालकांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर गेल्यावर आणि विशेषतः परत आल्यावर मूल काय करते, हे त्यांनी टिपले. काही मुले रडली, पण आई येताच तिला बिलगून शांत झाली; ही सुरक्षित अनुबंधाची. काही बिलगलीही आणि रागाने झिडकारूही लागली, ही चिंतातुर. काहींनी मात्र आईकडे पाहिलेच नाही, ती खेळण्यातच रमलेली दिसली, ही टाळणारी. पुढील अभ्यासांत एक महत्त्वाची गोष्ट आढळली. वरवर शांत दिसणाऱ्या या बालकांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले होते. वसतिगृहात न रडलेल्या मुलाविषयी बोलताना हे आठवावे.

१९८७ मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी संशोधकांनी हाच विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला. एका वृत्तपत्रात प्रश्नावली छापून त्यांनी वाचकांची उत्तरे मागवली. त्यांपैकी ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणाऱ्या आणि १९ टक्के चिंतातुर वळणाचे निघाले. त्या पाहणीतील आकडे आपल्या समाजाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु वळणे ओळखीची वाटतात. चिंतातुर व्यक्ती पुनःपुन्हा खात्री मागते, उत्तराला उशीर झाला की तिचे मन शंकेने भरते. टाळणारी व्यक्ती जवळीक वाढताच कामाच्या आड लपते. मदत मागणे तिला कमीपणाचे वाटते. सुरक्षित व्यक्ती रागावतेही, पण नाते तुटेल या भीतीने नव्हे.

जैन कुटुंबात येथे एक शंका स्वाभाविक आहे. राग आणि द्वेष यांना बंधनाचे मूळ मानणाऱ्या धर्मात जिव्हाळ्याची ही मागणी म्हणजे आसक्तीच नव्हे काय? मग अलिप्त राहणारा पती अधिक धार्मिक ठरावा! पण वैराग्य आणि भावनांपासून पळ काढणे यांत मोठे अंतर आहे. मौन ही साधना आहे. त्यात मन निवते. अबोला ही शिक्षा आहे. त्यात मन धुमसते. अबोल्याची झडती घेतली, तर त्यात क्रोध आणि मान हे दोन कषाय हमखास सापडतात. शिवाय तत्त्वार्थसूत्राने परस्परांना साहाय्यभूत होणे हेच जीवांचे कार्य सांगितले आहे. मग एका छताखालच्या दोन जीवांना त्यातून सूट कशी मिळावी? दुसऱ्या बाजूने, सतत हिशेब मागत राहणे हेही प्रेम नव्हे. भाषासमितीचा विवेक दोघांनाही बांधील आहे.

बालपणीचे वळण म्हणजे ललाटरेषा नव्हे. विश्वासू जोडीदाराच्या सहवासात ते हळूहळू बदलू शकते. मात्र ‘तुम्ही टाळणारे’, ‘तू चिंतातुर’ अशी लेबले एकमेकांना चिकटवल्याने बदलत नाही. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ याऐवजी ‘फोन उचलला नाही की मला धास्ती वाटते’ असे तिने म्हणावे. त्याने न बोलता उठून जाण्याऐवजी ‘आत्ता डोके शिणले आहे, अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगावे आणि तो अर्धा तास हुंडीच्या मुदतीसारखा पाळावा. बाजारात पत एका दिवसात उभी राहत नाही. वेळेवर पाळलेल्या लहान लहान शब्दांतून ती वाढते. घरातही तसेच आहे. मात्र जेथे मारहाण, धाक वा पैशाची अडवणूक आहे, तेथे हा स्वभावाचा प्रश्न राहत नाही. तेथे वडीलधाऱ्यांची आणि गरज पडल्यास कायद्याची मदत घ्यावी.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी शेकडो नातेवाइकांना आणि व्यापाऱ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश जातात. त्या लांब यादीत एक नाव बहुधा राहून जाते, कारण ती व्यक्ती घरातच असते. ते नाव यादीत सर्वांत वर असावे आणि ते शब्द मोबाइलवरून नव्हे, समोर बसून म्हटले जावेत. त्यासाठी वर्षभर थांबण्याचीही गरज नाही. प्रतिक्रमण तर रोजचेच आहे.