काजूकतली चालेल, चांदी नको

अमेरिकन ग्राहकाला दिवाळीला काय पाठवावं, असं शेजारच्या आयटीवाल्या चिरंजीवांनी परवा विचारलं. म्हटलं, बाबा रे, चांदीचा गणपती राहू दे! तिथं व्यावसायिक भेटीवर माणशी वर्षाला २५ डॉलरपर्यंतच करसवलत मिळते. हा आकडा १९६२च्या कायद्यापासून हललेला नाही. केंद्र सरकारच्या नोकराला तर एका वेळी २० आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात ५० डॉलरचीच मुभा. रोख पाकीट अजिबात नाही. काजूकतलीचा डबा पाठवावा. पँट्रीत सगळ्यांसाठी उघडा ठेवला की संपला विषय. कुणाला हा कोरडेपणा वाटेल. मला विचाराल तर भेट अशीच हवी, घेणाऱ्याला मिंधं न करणारी. सुक्यामेव्याच्या पेटीचं वजन पाहून फाइल हलण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.