‘डेट’मधला मुका बी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणतात, कारण मी मुलांच्या इंग्रजीतल्या चुका काढते. बेंगळुरूला शिकणारा पुतण्या ‘यू’ हा शब्द एका अक्षरात उरकतो, ‘थ्रू’ टी-एच-आर-यू असं लिहितो आणि पूर्णविराम कधीच देत नाही. परवा टोकलं तर म्हणाला, “काकू, तू पूर्णविराम दिलास की चिडल्यासारखी वाटतेस.”

यावरून आमची जुंपली. त्याला गप्प करायचं म्हणून मी वाचायला बसले आणि स्वतःच गप्प झाले. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला हुकूम सोडला होता, की तीनशे शब्द यापुढे सोप्या स्पेलिंगनं छापा. पुतण्याचं टी-एच-आर-यू त्या यादीत होतं! वर्तमानपत्रांनी अध्यक्षांची यथेच्छ टिंगल केली, तिथल्या संसदेनं विरोध केला आणि काही महिन्यांतच हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच्या कितीतरी आधी नोआ वेब्स्टर यांनी आपल्या शब्दकोशात ‘कलर’मधला यू उडवला होता. तो मात्र अमेरिकेतून कायमचा गेला. म्हणजे अध्यक्षांना जमलं नाही ते कोशकाराला जमलं.

व्याकरणाचंही तसंच. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की आमच्या बाई वहीवर लाल रेघ ओढत. हा नियम म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असं इंग्लंडच्या फाउलर यांनी १९२६ सालीच लिहून ठेवलं होतं. बाईंपर्यंत ते पोचलं नव्हतं, एवढंच.

आणि आपण तरी काय केलं? माझ्या आजोबांच्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कां’ असे अनुस्वार जागोजाग आहेत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. आजोबा शेवटपर्यंत देत राहिले, बाबांनी सोडून दिले. दोघांचीही पत्रं मला सारखीच वाचता येतात.

मग मीच का एवढी कडक? खरं सांगायचं तर भीतीनं. मी वडोदऱ्याच्या मराठी शाळेत शिकलेली. पहिल्या नोकरीत एका पत्रात मी ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं. साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि तो कागद टेबलाटेबलावरून फिरवला. कुणी रागावलं नाही, सगळे नुसते हसले. रागावले असते तर मी केव्हाच विसरले असते. तेव्हापासून कुणाचंही इंग्रजी दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी तो लाल गोल येतो.

पुतण्याला मी आता मोकळं सोडलंय. त्याचा इंटर्नशिपचा अर्ज मी पाहिला आहे, त्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा. नियम कुठे पाळायचा आणि कुठे खुंटीला टांगायचा, हे त्याला न शिकवता कळतं. त्यानं ‘यू’ एका अक्षरात लिहिलं तर लोक त्याला आधुनिक म्हणतात, अडाणी म्हणत नाहीत.

पण गेल्या आठवड्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी आली. नुकतीच बी.कॉम. झाली आहे, घरातली पहिलीच पदवीधर. अकाउंट्सच्या नोकरीचा अर्ज तपासायला घेऊन आली होती. अर्ज नीटनेटका होता, फक्त ‘डेट’मध्ये बी नव्हता आणि ‘रिसीट’मध्ये पी नव्हता.

मी पेन्सिल उचलली आणि थांबले. कारण तेवढ्यात वाचलेलं आठवलं. हे दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत ना बी होता ना पी. पुढे पंडितांना वाटलं की शब्दाचं लॅटिन मूळ दिसायला हवं, म्हणून त्यांनी ही अक्षरं मागाहून घुसवली. उच्चार होता तसाच राहिला. मी तिला हे सगळं सांगितलं.

ती खुदकन हसली. “म्हणजे मावशी, मूळ चूक त्यांचीच?”

“त्यांचीच.”

“मग राहू दे की असंच!”

मला ‘राहू दे’ म्हणायचं होतं, अगदी मनापासून. पण हा अर्ज ज्यांच्या टेबलावर जाणार ते ना रूझवेल्ट, ना फाउलर. ते आधी स्पेलिंग बघतील, मग तिच्या आईचं काम विचारतील, आणि दोन्हींची सांगड घालून मोकळे होतील.

मी पेन्सिलीनं बी लिहिला. अगदी बारीक.

तिनं तो पाहिला, मोबाइल काढला आणि मूळ अर्ज उघडून दुरुस्त करायला लागली. मान वर न करताच तिनं विचारलं, “आणि पी?”

“तोही घाल.”