धोरण ठरवताना टोपली दिसत नाही

मासेमारीचं धोरण म्हटलं की सरकारला होडी दिसते, जाळं दिसतं, परवाना दिसतो. टोपली दिसत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यात परवाना होडीला, आणि होडी बहुधा पुरुषाच्या नावावर. मग लिलावात मासळी घेऊन बाजारात बसणारी, उरलेली खारवून सुकवणारी बाई कुठल्या कलमात शोधायची?

पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणचे रापणकार आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं लढले. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा. निर्बंधांचा आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ ला. दरम्यान, बांगडा-तारलीचे थवे बाहेरच्या बाहेर उचलले गेले की टोपली रिकामी राहायची ती बाईची. तिची ही तूट कुठल्या फायलीत मोजली?

कुणी म्हणेल, मसुदा जाहीर करा, हरकती मागवा. अमेरिकेत सरकारी नियमांसाठी १९४६ पासून तसा कायदाच आहे. पण तिथंही पदरी वकील बाळगणाऱ्या कंपन्यांचाच आवाज चढा. आणि आपल्याकडे राजपत्रातली सूचना मासळीबाजारात वाचतं कोण?

म्हणून नुसती सूचना पुरणार नाही. सल्लागार समित्यांत मासेविक्रेत्या बायका हव्यात. मसुद्यावरची बैठक बाजारातच, विक्री आटोपल्यावर, मालवणीत व्हायला हवी. पंचायतींत निम्म्या जागा २०११ मध्ये आपल्या झाल्या. समुद्राच्या कारभारातली जागाही, मैत्रिणींनो, आपल्यालाच भांडून घ्यावी लागेल.