पट कोणी कमी केला?

शिकागोत नोकरी लागलेल्या मराठी मुलाने घर घेतलं, की पुण्या-नाशकातल्या आईवडिलांना फोनवर दोन गोष्टी हमखास कळतात: घराला खोल्या किती, आणि 'इथल्या शाळा फार चांगल्या आहेत'. गंमत म्हणजे ते घर बहुतेक वेळा शिकागोत नसतंच. ते असतं नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोरा अशा उपनगरांत, शहराच्या मध्यापासून गाडीने तासाभरावर. आईने भोळेपणाने विचारलं, 'मग शिकागोतल्या शाळा वाईट आहेत का रे?' तर पलीकडून उत्तर येतं, 'तसं नाही गं, ते एरियावर असतं.'

'एरियावर असतं' या दोन शब्दांत शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते, पण तिच्या दारापर्यंत पोचायला पत्ता लागतो. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून, आपल्या भाषेत घरपट्टीतून, निघतो. घरं महाग तिथे कर भरपूर, कर भरपूर तिथे शाळा टुमदार, आणि शाळा टुमदार म्हणून घरं आणखी महाग. फी आकारली जात नाही. ती घराच्या किमतीत आधीच मिसळलेली असते. ज्याला परवडतं त्याने आपल्या मुलासाठी तिथे घर घेतलं तर त्यात त्याचा गुन्हा काही नाही. पण ज्यांना पैसे असूनही घर घेता येत नव्हतं, त्यांचं काय?

१९३७ साली कार्ल हॅन्सबेरी नावाच्या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने शिकागोच्या दक्षिण भागात, ६१४० साउथ ऱ्होड्स अॅव्हेन्यू इथे, घर घेतलं. त्या भागातल्या घरमालकांनी आपसांत करार केला होता की कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. असे करार शहरभर होते आणि न्यायालयं ते मानत होती. हॅन्सबेरी कुटुंब राहायला आलं आणि घरासमोर जमाव जमला. खिडकीतून भिरभिरत आलेला दगड सात-आठ वर्षांच्या लोरेनला थोडक्यात लागायचा राहिला. वडील खटला लढत बाहेरगावी; आई रात्रभर भरलेलं पिस्तूल हातात घेऊन घरात फेऱ्या घालायची. शाळेत जाता-येता मुलांच्या अंगावर लोक थुंकायचे. १९४० मध्ये हे कुटुंब सर्वोच्च न्यायालयात जिंकलं, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी अंमलात आणू नयेत हा निकाल यायला १९४८ उजाडलं.

ही लोरेन म्हणजे पुढे 'अ रेझिन इन द सन' लिहिणारी नाटककार. १९५९ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर आलं, आणि कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं ते तिथलं पहिलं नाटक ठरलं. ती ज्या प्राथमिक शाळेत शिकली तिचं नाव बेट्सी रॉस. लोरेनने आपल्या शालेय वर्षांबद्दल लिहून ठेवलं आहे की शाळा दोन पाळ्यांत भरत असल्यामुळे तिला नेमून दिलेल्या शिक्षणाच्या निम्मंच मिळालं, आणि मोठेपणीही साधी बेरीज-वजाबाकी करताना तिला अडखळायला व्हायचं. बेट्सी रॉस हे नाव लक्षात ठेवलेलं बरं. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

दोन पाळ्या का? तर दक्षिणेतल्या राज्यांतून आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांना शहरात राहायला मोजक्याच वस्त्या मोकळ्या होत्या. एका घराचे चार भाग होत, एका वर्गात दोन शाळा भरत. काही मैलांवर गोऱ्यांच्या वस्तीत वर्गखोल्या रिकाम्या पडलेल्या असत. मुलांना बसमध्ये बसवून तिकडे न्यायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. १९५३ पासून शहराचे शिक्षण अधीक्षक असलेल्या बेंजामिन विलिस यांनी त्यावर तिसराच मार्ग काढला. गर्दी झालेल्या शाळांच्या मैदानांत आणि मोकळ्या जागांत त्यांनी अॅल्युमिनियमच्या फिरत्या वर्गखोल्या उभ्या केल्या. कागदोपत्री ती तात्पुरती सोय होती. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'विलिस वॅगन'.

ऑगस्ट १९६३ मध्ये एंगलवूड वस्तीत ७३वा रस्ता आणि लोव अॅव्हेन्यू यांच्या नाक्याजवळ अशाच खोल्या येणार होत्या. जागा रेल्वेरुळांना लागून. पालक आडवे झाले. त्यांच्यासोबत शिकागो विद्यापीठातला एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी पोलिसांनी उचलला आणि त्याला २५ डॉलर दंड झाला. त्याचं नाव बर्नी सँडर्स. पोलिसांनी धरून नेतानाचा त्याचा फोटो २०१६ मध्ये, तो अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढत असताना, जुन्या निगेटिव्हमधून बाहेर आला. १९६३ च्याच २२ ऑक्टोबरला शहरातली दोन लाखांहून अधिक मुलं शाळेतच गेली नाहीत. चर्चमध्ये, समाजकेंद्रांत त्यांच्यासाठी एका दिवसाच्या 'स्वातंत्र्य शाळा' भरल्या. एवढं होऊनही विलिस खुर्चीवर राहिले ते १९६६ पर्यंत.

इथवरची गोष्ट गर्दीची. आता रिकामपणाची.

१९६२ मध्ये शहराने स्टेट स्ट्रीटलगत रॉबर्ट टेलर होम्स ही गरिबांची वसाहत उभी केली: सोळा मजल्यांच्या २८ इमारती, एका ओळीत तीनेक किलोमीटर. गोऱ्यांच्या वस्त्यांत सार्वजनिक घरं नकोत, असा नगरसेवकांचा आग्रह होता. म्हणून जिथे आधीच दाटी होती तिथेच ती उभी राहिली. साहजिकच शाळाही तिथेच बांधल्या गेल्या. पुढे देखभाल थांबली, लिफ्ट बंद पडल्या, टोळ्या शिरल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहराने या इमारती पाडायला घेतल्या, शेवटची २००७ मध्ये गेली. हजारो कुटुंबं पांगली. पोलादाचे कारखाने त्याआधीच गेले होते. २००० ते २०१० या दहा वर्षांत शिकागोतले सुमारे पावणेदोन लाख कृष्णवर्णीय रहिवासी कमी झाले. इमारतीत राहणारी मुलं गेली आणि इमारतीसाठी बांधलेली शाळा मागे उरली.

मग कुणीतरी पट मोजला.

महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात शहराने हिशेब मांडला: जागा पाच लाखांवर मुलांची, मुलं चार लाखांच्या आसपास, तिजोरीत अब्ज डॉलरची तूट. एका वर्गाला ३० मुलं हे माप. त्या मापात न बसणारी शाळा 'कमी वापराची'. ज्या खोलीत आठ-दहा दिव्यांग मुलं शिकत, ती खोलीही या मापाने दोन तृतीयांश रिकामी ठरे. २२ मे २०१३ रोजी शिक्षण मंडळाने एका बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरवलं. अमेरिकेच्या इतिहासात एका शहराने एका झटक्यात एवढ्या शाळा तोवर कधी बंद केल्या नव्हत्या. मंडळाचे सगळे सदस्य महापौरांनी नेमलेले. पालकांनी त्यांना निवडून दिलेलं नव्हतं. साधारण बारा हजार मुलांची शाळा गेली. शहराच्या शाळांतल्या एकूण मुलांत कृष्णवर्णीय दहात चार, पण या बारा हजारांत दहातली जवळजवळ नऊ.

त्या यादीत बेट्सी रॉस होती. लोरेनच्या काळात मुलं मावत नव्हती म्हणून जिथे अर्धा दिवस शाळा भरायची, तीच शाळा आता मुलं पुरेशी नाहीत म्हणून बंद झाली.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्या तेव्हा दक्षिण आणि पश्चिम शिकागोतल्या कोपऱ्या-कोपऱ्यावर झगझगीत जाकिटं घातलेली माणसं उभी राहिली. 'सेफ पॅसेज' म्हणजे सुरक्षित वाट, अशी पिवळी पाटी खांबावर आणि खाली वस्तीतलीच एखादी आजी किंवा काका, हातात वॉकीटॉकी. नवी शाळा चार चौक पलीकडे. पण मधला एखादा चौक दुसऱ्या टोळीचा असू शकतो. नकाशावर सातशे मीटर दिसणारं अंतर आठ वर्षांच्या मुलाच्या आईला किती वाटतं, हे मापायला शहराकडे ३० मुलांच्या सूत्रासारखं सूत्र नव्हतं. माणूस उभा करणं हेच ते कबूल करणं होतं.

मुलांचं शिक्षण तरी सुधारलं का? शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन केंद्राने २०१८ मध्ये या सगळ्याचा लेखाजोखा मांडला. शाळा बंद होणार ही घोषणा झाली त्याच वर्षी मुलं अभ्यासात मागे पडली. दोन शाळांची मुलं ज्या इमारतींत एकत्र आली तिथे 'आमचे' आणि 'ते' असे तट पडले. बंदीची योजना राबवणाऱ्या बार्बरा बर्ड-बेनेट पुढे भलत्याच प्रकरणात, एका प्रशिक्षण कंत्राटातल्या लाचेबद्दल, २०१७ मध्ये साडेचार वर्षांसाठी तुरुंगात गेल्या. शाळाबंदीशी त्याचा संबंध नाही. पण काटकसर समजावून सांगणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात जे उरतं, ते उरलंच.

डायेट हायस्कूलची लढाई याच काळातली. ब्राँझव्हिल भागातली ही शाळा वॉल्टर डायेट या संगीतशिक्षकाच्या नावाची. डायना वॉशिंग्टन, जीन अॅमन्स असे कलावंत या मास्तरांच्या हाताखालून गेले. २०१२ मध्ये मंडळाने ही शाळा टप्प्याटप्प्याने मिटवायचं ठरवलं: नवे प्रवेश बंद, शिक्षक कमी, विषय कमी. शेवटच्या वर्गात तेरा मुलं उरली. मग 'बघा, पटच नाही' म्हणायला मोकळे. प्रवेश बंद करणाऱ्यानेच पटाबद्दल हळहळावं, याला काय म्हणायचं? २०१५ च्या ऑगस्टमध्ये बारा जण उपोषणाला बसले, ३४ दिवस. मंडळ नमलं आणि २०१६ मध्ये शाळा कलाशाळा म्हणून पुन्हा उघडली. उपोषणकर्त्यांना हवा होता तो हरित तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम मात्र मिळाला नाही.

मराठी वाचकाला 'पट' हा शब्द नवा नाही. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पावणेपंधरा हजार शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली, तेव्हा वाड्या-पाड्यांवर हाच प्रश्न उठला होता. तिथली कारणं वेगळी, डोंगर वेगळा, नदी वेगळी. शासनाच्या कागदावरचा रकाना मात्र तोच.

रिकाम्या शाळांची बाजू लढवताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पश्चिम शिकागोत ऑस्टिन भागातल्या फ्रेडरिक डग्लस अकॅडमीत अलीकडे तीसच्याही आत मुलं होती, आणि इमारत कित्येक शेकड्यांची. अशा हायस्कूलमध्ये वाद्यवृंद होत नाही, फुटबॉलचा संघ होत नाही, निवडायला विषय उरत नाहीत. भावनेपोटी ती उघडी ठेवणं हा त्या तीस मुलांवरचाही अन्याय आहे. आक्षेप आहे तो कुलपाच्या आधी केलेल्या चौकशीवर. 'मुलं किती?' एवढंच विचारलं गेलं. 'मुलं का गेली?' आणि 'शेजारच्या शाळेत काय चाललंय?' हे विचारलं गेलं नाही.

ते विचारलं तर काय होतं याचंही उदाहरण याच शहरात आहे. श्रीमंतांच्या गोल्ड कोस्ट भागातल्या ऑग्डेन शाळेत मुलं मावत नव्हती. तिथून दीड-दोन किलोमीटरवर, पाडून टाकलेल्या कॅब्रिनी-ग्रीन वसाहतीच्या जागेजवळ, जेनर शाळेचे वर्ग ओस पडले होते. तिथली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. दोन्हीकडच्या काही पालकांनी आणि मुख्याध्यापकांनीच शाळा एकत्र करण्याचा घाट घातला. ऑग्डेनचे काही पालक सुरक्षितता, गुण, दर्जा अशी कारणं देत संतापले, सभा तापल्या. तरी २०१८ मध्ये दोन्ही शाळा एक झाल्या. विलिस यांनी त्याच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधी जे करायला नकार दिला, ते म्हणजे भरलेल्या शाळेतली मुलं रिकाम्या शाळेत बसवणं, एवढंच तर हे होतं. मुलांनी डबे एकत्र उघडले की पुढचं फारसं अवघड राहत नाही; अवघड जातं ते मोठ्यांना.

शहराने आणखीही एक वाट काढली आहे. वॉल्टर पेटन, व्हिटनी यंग अशा प्रवेश-परीक्षेच्या हायस्कूलांत ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर आणि ७० टक्के जागा वस्त्यांच्या आर्थिक स्थितीनुसार चार गटांत वाटल्या जातात. मिशेल ओबामा साउथ शोअरहून लांबचा बसप्रवास करून व्हिटनी यंगला जायच्या. पण या शाळा थोड्या. हुशार आणि चिवट मूल पहाटेची बस पकडून तिथे पोचतं, आणि त्याच्या जाण्याने वस्तीतल्या शाळेचा पट आणखी एकाने कमी होतो.

आता मंडळही बदलतंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोने शिक्षण मंडळावर पहिल्यांदाच काही सदस्य मतदानाने निवडले: एकवीसपैकी दहा. जानेवारी २०२७ पासून एकवीसही निवडून आलेले असतील. आधीच्या मंडळाने शाळा बंद न करण्याचं दिलेलं वचनही २०२७ पर्यंतचंच आहे. म्हणजे नव्या सदस्यांच्या टेबलावर पहिल्याच दिवसांत कमी पटाच्या शाळांची यादी येणार, आणि खाली जमलेल्या पालकांत बेट्सी रॉसमध्ये शिकलेली माणसंही असणार.