हमी कुणाला?

शैक्षणिक कर्ज बुडालं म्हटलं की शहरातली माणसं पोराच्या नावानं बोटं मोडतात, गावातली बापाच्या. कॉलेजाचं नाव कुणीच घेत नाही. माझं भांडण तिथंच आहे.

सरकारनं 2015 साली हमी निधी काढला. त्यात साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन तारण लागत नाही, आणि कर्ज थकलं तर बुडीत रकमेचे 75 टक्के बँकेला मिळतात. झाली बँकेची सोय. फी तर बँक परस्पर कॉलेजाच्या खात्यावर भरते. पोराला नोकरी लागो न लागो, संस्थाचालकाचं घोडं गंगेत न्हालं. राहिलं कोण? पोरगं, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेला बाप. बँकेला हमीचे पैसे मिळाले म्हणून ह्यांचं कर्ज काही फिटत नाही. वसुली चालूच.

कोर्स संपून वर्ष झालं की हप्ता सुरू. पोरगं पुण्यात बारा-पंधरा हजारांवर राबतंय. त्यातच खोलीभाडं, मेसचा डबा. हप्ते थकले की बापाचंही सिबिल बिघडतं. मग जूनमध्ये पीककर्जाला गेलेला बाप हात हलवत परत येतो, अन् बियाण्या-खतासाठी दुकानदाराच्या उधारीत अडकतो. म्हंजे डिग्री पोराची, पेरणी अडली बापाची!

जी संस्था फी घेते तिनं बुडीतातला चौथा हिस्सा तरी सोसावा. मग बघा, प्रवेशाच्या येळी नोकरीची हमी देणारे फलक लावताना हात कसा आखडतो ते.