पाटाचे पाणी येते कुठून?



पाटाला पाणी आले की पोरे विचारतात, "हे येते कुठून?" प्रवरेच्या पाटावर ज्यांची शेती आहे, त्यांनी यंदा ते दाखवूनच आणावे. भाद्रपदात पाऊस ओसरला की एक दिवस काढा. धारांचे शेजाऱ्याला सांगून ठेवा आणि पहाटेच निघा.

संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावे-उजवे कालवे निघतात. तो बंधारा दाखवून अकोले, राजूर करीत वर चला. ऊस-बाजरी मागे पडते आणि राजूरपुढे भाताची खाचरे, उतारावर नागली-वरई लागते. पाऊस वाढला की पीक बदलते, हे पोरांना खिडकीतूनच कळते.

वाटेवर रंधा धबधबा आहे. तो कठड्याआडूनच बघावा. शेवाळलेल्या खडकावर कोणी जाऊ नये, लहानग्यांचा हात सोडू नये. पुढे शेंडीजवळ १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण. प्रवरा उगम पावते ती पलीकडच्या रतनगडावर.

वळणांवर मुलांना मळमळते. निघताना पोटभर खाऊ घालू नका, आलेवडी जवळ ठेवा. टेम्पोच्या हौद्यात पोरे बसवू नका. धुके उतरण्याआधी परतीला लागा.

धरणावर मुलांना एवढे सांगा, की या पाण्याची वाट टेलचा शेतकरीही बघत असतो. मग रात्री आपले बारे फुटून पाणी ओढ्याला गेले, तर तीच पोरे तुम्हाला उठवतील.